चेहऱ्याची भाषा आणि अवहित्थ : धाराशिव परिसराच्या संदर्भात भावाभिव्यक्तीच्या सार्वत्रिकतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मनात उद्भवलेला भाव चेहऱ्यावर उमटतो, हा मनुष्यमात्राचा नित्याचा अनुभव आहे. आनंदाने मुद्रा फुलते, दुःखाने ती म्लान होते, क्रोधाने भुवया आकुंचित होतात. मात्र हे सर्व बदल जगातील सर्व समाजांत सारखेच असतात काय, की भाषेप्रमाणे चेहऱ्याची भाषाही प्रत्येक समाज आपापल्या परीने घडवितो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत एकमताने मिळालेले नाही. मानवजातीची एकता, वसाहतवादी राज्यकर्त्यांची दृष्टी, न्यायालयातील साक्षीचे मूल्य आणि अलीकडे यंत्राद्वारे होणारे भावनांचे वाचन असे अनेक विषय या प्रश्नाशी जोडलेले आहेत.

या प्रश्नाच्या शास्त्रीय इतिहासात दख्खनचा एक छोटासा परंतु महत्त्वाचा सहभाग आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८६७ मध्ये जगभर पाठविलेल्या प्रश्नावलीचे एक उत्तर मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यातून गेले. आजचा धाराशिव जिल्हा वायव्येस याच जिल्ह्याला लागून आहे. त्या उत्तराची आजवर फारशी दखल घेतली गेली नाही, कारण उत्तर देणाऱ्याने स्वतःच ते अपुरे मानले होते. ज्या कारणासाठी ते अपुरे मानले गेले, तेच या विषयातील एक मूलभूत निरीक्षण होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम डार्विन यांची प्रश्नावली व तिला मिळालेली भारतीय उत्तरे, नंतर धाराशिव परिसरातील साधने व भारतीय नाट्यविचार आणि शेवटी विसाव्या व एकविसाव्या शतकांतील संशोधन या क्रमाने विचार केला आहे.

डार्विन यांची प्रश्नावली

डार्विन यांचा मनुष्य व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथ १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेसाठी त्यांनी १८६७ च्या प्रारंभी सोळा प्रश्नांचे एक छापील पत्रक तयार करून ते विविध खंडांतील मिशनरी, अधिकारी व प्रवासी यांच्याकडे पाठविले. आश्चर्य वाटले असता डोळे व तोंड उघडते काय आणि भुवया उंचावतात काय, खिन्नतेत ओठांचे कोपरे खाली येऊन भुवयांची आतील टोके वर जातात काय, लज्जेने चेहरा आरक्त होतो काय, होकारासाठी मान खालीवर व नकारासाठी आडवी हलविली जाते काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. त्यांना छत्तीस निरीक्षकांकडून उत्तरे मिळाली. त्यांच्या आधारे डार्विन यांनी असा निष्कर्ष काढला की, मनाची एकच अवस्था जगभर लक्षणीय एकसारखेपणाने व्यक्त होते.

या निष्कर्षाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन वाद लक्षात घेणे आवश्यक आहे. निरनिराळे मानववंश निरनिराळ्या मूळपुरुषांपासून स्वतंत्रपणे निर्माण झाले, असे मत त्या काळी युरोप व अमेरिकेत प्रबळ होते आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते सोयीचे वाटत असे. चेहऱ्यावरील भाव सर्वत्र सारखे असतील तर सर्व मानवांचा पूर्वज एकच असला पाहिजे, असा युक्तिवाद डार्विन यांना करता येत होता. सार्वत्रिकतेचा सिद्धांत हा अशा प्रकारे आरंभी मानवाच्या समान वारशाचा सिद्धांत होता.

तथापि पद्धतीच्या दृष्टीने प्रश्नावलीत एक उणीव होती. बहुतेक प्रश्नांतच अपेक्षित उत्तर दडलेले होते. 'आश्चर्य वाटले असता येथील लोक काय करतात?' असे न विचारता, डोळे व तोंड उघडते काय, असे विचारले गेले. त्यामुळे 'होय' किंवा 'नाही' यापलीकडील माहिती मिळण्यास फारसा वाव राहिला नाही.

अहमदनगर व कलकत्ता येथील उत्तरे

भारतातून डार्विन यांना साहाय्य करणाऱ्यांत दोन नावे प्रमुख होती. एच. अर्स्किन हे अहमदनगर जिल्ह्यात अधिकारी या नात्याने वास्तव्यास असताना त्यांनी स्थानिक लोकांच्या मुद्रांकडे लक्ष दिले, कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळविली आणि काही सुशिक्षित भारतीय गृहस्थांशीही विचारविनिमय केला. परंतु खात्रीलायक निष्कर्षाप्रत येणे त्यांना फार कठीण गेले. येथील लोक युरोपीय व्यक्तीच्या उपस्थितीत आपल्या सर्व भावना लपविण्यास सरावलेले आहेत, हे त्याचे कारण होते. डार्विन यांनी ही अडचण ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रामाणिकपणे नमूद केली व ते पुढील निरीक्षकांकडे वळले.

दुसरे निरीक्षक म्हणजे कलकत्ता येथील वनस्पती उद्यानातील जॉन स्कॉट. इतकी सविस्तर व मोलाची माहिती अन्य कोणीही पाठविली नाही, अशा शब्दांत डार्विन यांनी त्यांचा गौरव केला आहे. स्कॉट यांनी वर्णिलेला एक प्रसंग हृदयद्रावक आहे. उद्यानातील एका माळ्याची तरुण पत्नी मरणासन्न बालकाला घेऊन बसली होती. स्कॉट यांनी झाडांच्या आडून, तिला न दिसता, काही वेळ तिचे निरीक्षण केले. भुवयांची आतील टोके वर गेलेली, कपाळाच्या मध्यभागी सुरकुत्या, पापण्या मिटू लागलेल्या आणि ओठांचे कोपरे खाली झुकलेले, अशी तिची मुद्रा होती. नंतर ते पुढे येऊन तिच्याशी बोलले, तेव्हा ती दचकली, तिने टाहो फोडला आणि बाळाला वाचविण्याची याचना केली. ही स्त्री 'धांगर' असल्याचे ग्रंथात म्हटले आहे. हा शब्द पूर्व भारतात छोटा नागपूरकडील आदिवासी मजुरांसाठी वापरला जात असे; महाराष्ट्रातील धनगर समाजाशी त्याचा संबंध जोडणे योग्य होणार नाही.

ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट स्पष्ट होते. अहमदनगरच्या अधिकाऱ्यासमोर लोक भाव लपवीत होते, कारण तो समोर उभा होता. कलकत्त्यातील निरीक्षकाला भाव दिसले, कारण तो आड उभा होता. तो समोर येताच त्या स्त्रीची मुद्राही बदलली. मूक दुःखाची जागा अधिकारी व्यक्तीपुढील आर्त विनवणीने घेतली. दोन्ही अवस्थांतील तिचे दुःख खरेच होते; तरीही पाहणारा कोण, यावर त्या दुःखाचे रूप अवलंबून राहिले.

होकार-नकाराच्या प्रश्नावरही अर्स्किन यांनी माहिती पाठविली होती. येथे नकारासाठी डोके एकदम मागे व किंचित एका बाजूला टाकून जिभेने आवाज केला जातो, असे त्यांनी कळविले. त्या आवाजाचा अर्थ काय असावा, याची कल्पना करता येत नाही, असे डार्विन यांनी लिहिले आहे. मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यातील माणसाला हा प्रश्न पडणार नाही. 'काही शिल्लक आहे का?' या प्रश्नाला मान जराशी मागे टाकून दिलेले 'च्यक्' हे उत्तर येथे लहान मूलही जाणते. म्हणजे याच उत्तरांत संस्कृतिविशिष्ट संकेताचा पुरावाही उपलब्ध होता. डार्विन यांनी त्याची नोंद केली, पण ग्रंथाच्या एकूण निष्कर्षावर त्याचा परिणाम झाला नाही.

नळदुर्गचा अधिकारी व तुळजापूरची कथा

अर्स्किन यांनी वर्णिलेली ही सवय केवळ ब्रिटिश मुलखापुरती मर्यादित असण्याचे कारण नाही. धाराशिवचा प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर तो ब्रिटिश प्रशासनाकडे सोपविण्यात आला आणि १८६० मध्ये निजामास परत मिळाला. या मधल्या काळात, १८५३ ते १८५७ या वर्षांत, कॅप्टन फिलिप मेडोज टेलर हे नळदुर्ग येथे उपायुक्त होते. देशी भाषा जाणणारा, दीर्घकाळ दख्खनमध्ये राहिलेला आणि लेखणी हाती असलेला असा हा अधिकारी होता. त्यांची 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवकालीन पार्श्वभूमीवरील या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या आहे.

टेलर व अर्स्किन या दोघांच्या भूमिकांतील फरक उद्बोधक आहे. कादंबरी हा वाङ्मयप्रकारच पात्रांच्या अंतःकरणातील भाव वाचकाला कळू शकतात या विश्वासावर उभा असतो. तुळजापूरच्या कन्येचे दुःख इंग्लंडमधील वाचकाला समजेल, हे टेलर यांना गृहीत धरावे लागले. उलट प्रश्नावली हाती घेतलेल्या अर्स्किन यांना असे काहीही गृहीत धरण्याची मुभा नव्हती. जे दिसेल तेच लिहावयाचे होते, आणि त्यांना दिसला तो मिटलेला चेहरा. कादंबरीकाराला कल्पनेने उघडता आलेले दार निरीक्षकाला बंद आढळले. एकाच शतकातील, एकमेकांना लागून असलेल्या मुलखांतील हे दोन अनुभव सार्वत्रिकतेच्या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवितात. भाव समान असू शकतात. त्यांचे दर्शन मात्र समान नसते.

शिल्पांतील मुद्रा : साधनांची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यात मानवी मुद्रेची प्राचीन साधने विपुल आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात उल्लेखिलेले हे व्यापारी नगर तेर येथेच होते, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. तेथे मिळालेल्या मातीच्या व केओलिनच्या मूर्ती आणि पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली स्त्रीमूर्ती यांमुळे तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय अभ्यासकांना परिचित आहे. धाराशिव शहराजवळील लेण्यांत पार्श्वनाथांची मूर्ती आहे, आणि तुळजापूरला महिषासुराचे मर्दन करणारी अष्टभुजा भवानी.

अशा शिल्पांवरून भावाभिव्यक्तीची सार्वत्रिकता ठरविता येईल काय? अॅलन कॉवेन व डॅकर केल्टनर यांनी २०२० मध्ये प्राचीन अमेरिकेतील शिल्पांच्या मुद्रांचा असा अभ्यास केला. बंदिवान, योद्धा, मूल कडेवर घेतलेली व्यक्ती अशा शिल्पांतील मुद्रा आजच्या पाश्चात्त्य प्रेक्षकांच्या अपेक्षेशी जुळतात, असे त्यांना आढळले. परंतु ही पद्धत येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. महिषासुरमर्दिनीच्या असंख्य भारतीय शिल्पांत वधाच्या ऐन क्षणीही देवीची मुद्रा शांत असते. तीर्थंकराच्या मूर्तीत तर भावाच्या उपशमाचेच दर्शन घडविलेले असते. येथे शिल्पकाराने भावनेची नोंद केलेली नाही, तर त्या दैवताच्या ठायी कोणती मुद्रा असावी, याविषयीचा समाजाचा आदर्श कोरला आहे. रौद्र कृती आणि शांत मुख यांचा हा संयोग भाविकाला विसंगत वाटत नाही. मुद्रेचा अर्थ केवळ मुद्रेत नसतो, तर तो संपूर्ण प्रसंगातून ठरतो, हे या शिल्पांवरून दिसून येते.

नाट्यशास्त्रातील विचार

शिल्पापेक्षा अभिनयाची परंपरा या प्रश्नास अधिक जवळची आहे. तुळजाभवानीच्या उपासनेतील गोंधळ हा विधी व नाट्य यांचा संगम होय. तुळजापूरच्या भवानीचे उपासक कदमराई गोंधळी संबळ व तुणतुण्याच्या साथीने, दिवटीच्या उजेडात आख्यान सादर करतात. एकच नायक क्षणात राजा होतो, क्षणात शोकाकुल माता होतो, आणि त्याचा साथीदार श्रोत्यांच्या वतीने प्रश्न विचारून हशा पिकवितो. अल्प उजेडात, दूर बसलेल्या श्रोत्यांपर्यंत भाव पोहोचवावयाचा असल्याने तो चेहऱ्याबरोबरच स्वर, हात व देहाच्या हालचालींतून साकार होतो.

अभिनयाचे हे शास्त्र भरताच्या नाट्यशास्त्रात अत्यंत सूक्ष्मपणे मांडलेले आहे. शिराचे तेरा, दृष्टीचे छत्तीस, भुवयांचे सात व नासिकेचे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय हे आठ स्थायी भाव आधुनिक मानसशास्त्रज्ञांच्या मूलभूत भावनांच्या यादीशी बऱ्याच अंशी जुळतात. मराठीत डॉ. के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श' (१९४२) या ग्रंथात रसविचार व पाश्चात्त्य मानसशास्त्र यांचा तौलनिक ऊहापोह केला, तर र. पं. कंगले यांच्या 'रसभावविचार' (१९७३) या ग्रंथामुळे नाट्यशास्त्राचे संबंधित अध्याय मराठी वाचकाला उपलब्ध झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नाट्यशास्त्रातील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे सात्त्विक भाव. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ भाव मन एकाग्र झाल्याशिवाय प्रकट होत नाहीत, म्हणून त्यांचा निराळा वर्ग केला आहे. घाम व काटा आज्ञेने येत नाही. शरीराच्या अशा अनुभवांना मनुष्यमात्राचा समान वारसा मानता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे हास्याचे सहा प्रकार. स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित हे मध्यम प्रकृतीचे आणि अपहसित व अतिहसित हे अधम प्रकृतीचे हास्य होय. भाव एकच, पण तो किती दाखवावयाचा हे व्यक्तीच्या दर्जावर अवलंबून. या विभागणीतील उच्चनीचता आज स्वीकारता येणार नाही. परंतु समाज अभिव्यक्तीवर नियंत्रण ठेवतो, याची ही स्पष्ट जाणीव आहे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अवहित्थ. तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी हा एक. अवहित्थ म्हणजे आकाराचे, अर्थात मुद्रेवरून कळणाऱ्या भावाचे गोपन. लज्जा, भय, पराजय, गौरव व कुटिलता ही त्याची कारणे सांगितली आहेत, आणि विषयांतर करणे, नजर खाली वळविणे, बोलणे अर्धवट तोडणे, धीराचा आव आणणे अशा प्रकारे त्याचा अभिनय करावा, असे म्हटले आहे. भाव लपविणे म्हणजे भावाचा अभाव नव्हे. लपविणे हाच एक भाव असून त्यालाही कारणे आहेत व खुणा आहेत, असा हा विचार आहे.

या दृष्टीने अर्स्किन यांच्या उत्तराकडे पाहिले असता त्याचे मूल्य एकदम बदलते. अहमदनगरच्या शेतकऱ्याने साहेबासमोर मिटून घेतलेला चेहरा हा निरीक्षणातील अडथळा नव्हता. भय, पराजय आणि गौरव ही अवहित्थाची तीनही कारणे त्या प्रसंगात उपस्थित होती. जमीनमहसूल आकारणारा, शिक्षा देऊ शकणारा परकीय अधिकारी समोर असताना भाव न दाखविणे हीच त्या शेतकऱ्याची अभिव्यक्ती होती. प्रश्नावलीच्या सोळा प्रश्नांत मात्र तिच्यासाठी रकाना नव्हता.

मराठी भाषेची साक्ष

ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३८ मध्ये चिनी वाङ्मयातील भावदर्शक वर्णनांचा अभ्यास करून, त्यांतील काही पाश्चात्त्यांना सहज कळणारी तर काही सर्वस्वी अपरिचित असल्याचे दाखविले. हीच कसोटी मराठीला लावून पाहता येते. मोल्सवर्थ यांच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) दाते-कर्वे यांच्या कोशांपर्यंत मराठीतील अशा वाक्प्रचारांचा मोठा संग्रह झालेला आहे. डोळे विस्फारणे, आ वासणे, कपाळाला आठ्या पडणे, नाक मुरडणे, दातओठ खाणे, तोंड पाडणे या वाक्प्रचारांतील हालचाली डार्विन यांच्या वर्णनांशी जुळतात. उलट तोंडात बोट घालणे किंवा कपाळावर हात मारणे यांचा अर्थ परकीयाला सांगावा लागतो. जीभ चावणे हा वाक्प्रचार तर या विषयाच्या आधुनिक इतिहासात अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

याशिवाय मराठीत गोपनाचीही स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. दुःख गिळणे, आवंढा गिळणे, मनातल्या मनात कुढणे, पदराआड डोळे पुसणे, चेहऱ्यावर काही न दाखविणे. हा शब्दसंग्रह ज्या समाजाने घडविला, त्याला अवहित्थाचा अर्थ ग्रंथातून शिकावा लागला नाही. हेमा राईरकर व गी पॉयत्व्हाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या याच समाजाची दुसरी बाजू दाखवितात. चारचौघांत जे बोलावयाचे नाही, ते पहाटे जात्यापाशी, बाईने बाईला सांगितलेले आहे.

आधुनिक संशोधनाचा प्रवास

विसाव्या शतकाच्या मध्यास मानवशास्त्रात सांस्कृतिक सापेक्षतेचा प्रभाव होता. रे बर्डविस्टेल यांसारखे अभ्यासक चेहऱ्याच्या हालचालींना भाषेसारखीच शिकलेली व्यवस्था मानीत. या मताला पॉल एकमन व त्यांचे सहकारी यांनी आव्हान दिले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी अमेरिका, ब्राझील व जपान यांबरोबर बोर्निओ व न्यू गिनी येथील लोकांना छायाचित्रे दाखवून भाव ओळखण्यास सांगितले. १९७१ मध्ये एकमन व वॉलेस फ्रिसेन यांनी न्यू गिनीतील फोरे समाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाह्य जगाशी अत्यल्प संपर्क असलेल्या या लोकांनीही गोष्टीला साजेसे छायाचित्र बहुतांशी अपेक्षेप्रमाणे निवडले. केवळ भय व आश्चर्य यांत त्यांची गल्लत झाली.

याच संशोधकांनी 'प्रदर्शनाचे नियम' ही संकल्पनाही मांडली. फ्रिसेन यांच्या १९७२ च्या प्रयोगात जपानी व अमेरिकी विद्यार्थ्यांना त्रासदायक चित्रफिती दाखविण्यात आल्या. एकटे असताना दोघांच्या मुद्रा बऱ्याचशा सारख्या होत्या; अधिकारी व्यक्ती जवळ असताना जपानी विद्यार्थी अधिक प्रमाणात स्मिताने आपली प्रतिक्रिया झाकीत. अर्स्किन यांचे निरीक्षण येथे शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत पुन्हा अवतरले. फरक इतकाच की, आता त्याला सिद्धांताचा दर्जा मिळाला.

पुढे पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. जेम्स रसेल यांनी १९९४ मध्ये दाखविले की, ठरावीक शब्दांच्या यादीतून निवड करावयास लावल्याने सहमतीचे प्रमाण वाढते. डार्विन यांच्या प्रश्नावलीतील जुनी उणीव नव्या स्वरूपात टिकून होती. जोनाथन हाइट व डॅकर केल्टनर यांनी १९९९ मध्ये अमेरिका व ओडिशा येथे मोकळे प्रश्न विचारून अभ्यास केला. किंचित जीभ चावलेल्या मुद्रेतील संकोच ओडिशातील लोकांनी ओळखला. अमेरिकी लोकांना तो उमगला नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. २००० मध्ये अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन व पॉल रोझिन यांनी नाट्यशास्त्राच्या परंपरेनुसार अभिनीत केलेले दहा भाव दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांना दाखविले, तेव्हा दोघांनीही ते बऱ्याच प्रमाणात ओळखले. हिलरी एल्फेनबाइन व नलिनी अंबाडी यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखविले की, भाव योगायोगाहून अधिक प्रमाणात सर्वत्र ओळखले जातात. मात्र आपल्याच समाजातील व्यक्तीचे भाव ओळखण्यात माणूस अधिक यशस्वी होतो.

त्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. नामिबियातील हिंबा समाजातील २०१४ चा आणि ट्रोब्रियांड बेटांवरील २०१६ चा अभ्यास सार्वत्रिकतेच्या विरोधात गेला. पाश्चात्त्य लोक ज्या मुद्रेला भयाची मानतात, ती ट्रोब्रियांड तरुणांना धमकीची वाटली. लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या विस्तृत समीक्षेने केवळ चेहऱ्यावरून भावना निश्चितपणे ओळखता येत नाही, असा निर्वाळा दिला. उलट १४४ देशांतील साठ लाख चित्रफितींचे संगणकाद्वारे विश्लेषण करणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात, सारख्या प्रसंगी सारख्या मुद्रा आढळण्याची प्रवृत्ती जगभर दिसली. या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. लाखो प्रसंगांच्या सरासरीत समान कल दिसणे आणि समोरच्या एका माणसाच्या मनातील भाव नेमका कळणे, या भिन्न गोष्टी होत.

प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. साक्षीदाराच्या साक्षीच्या वेळच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाने शेरा नोंदवावा, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती ठेवण्यात आली आहे. खेड्यातून प्रथमच न्यायालयात आलेल्या साक्षीदाराने नजर खाली ठेवली, बोलणे अर्धवट तोडले, तर ते असत्याचे लक्षण मानावयाचे की गौरव व भय यांतून आलेले अवहित्थ? यंत्राद्वारे मुद्रा वाचण्याच्या तंत्राबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यान्वये कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत अशा यंत्रांच्या वापरावर, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद वगळता, बंदी घातली. त्यामागे या शास्त्राच्या अनिश्चिततेचे कारण होते.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने याहून निकटचा संदर्भ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. पुढील दशकांत अवर्षण व कर्जबाजारीपणा यांमुळे शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न गंभीर झाला. २०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान हाती घेतले. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे खचलेल्या व्यक्तींचा शोध घ्यावा, अशी योजना होती. येथेही प्रश्नावली आहे. परंतु विचारणारी स्त्री गावातलीच, ओट्यावर बसून घरच्यांची विचारपूस करू शकणारी आहे. 'बरं चाललंय' या उत्तरामागील अवहित्थ तिला कळण्याची शक्यता जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक आहे. एल्फेनबाइन व अंबाडी यांच्या निष्कर्षाचा हा गावपातळीवरील अर्थ होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. भावाभिव्यक्तीचा काही अंश मनुष्यमात्राला समान आहे; डार्विन यांचे स्थूल प्रतिपादन आणि नाट्यशास्त्रातील सात्त्विक भावांची कल्पना या बाबतीत परस्परांच्या जवळ येतात. या समान अंशावर प्रत्येक समाज आपले संकेत चढवितो. मान मागे टाकून दिलेला नकार आणि चावलेली जीभ ही त्याची उदाहरणे होत. तथापि समानता व भिन्नता यांच्या या जुन्या वादात पाहणाऱ्याचे स्थान दुर्लक्षित राहिले. अहमदनगरहून गेलेल्या उत्तराने ते दाखवून दिले होते. त्याला अपुरे न मानता उत्तर मानले गेले असते, तर 'प्रदर्शनाचे नियम' शास्त्राला शंभर वर्षे आधी सापडले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु त्यांचा पुरावा तेव्हाच नोंदविला गेला होता, हे निश्चित.

सर्वांचे चेहरे सारखे बोलतात, या श्रद्धेने मानवाची एकता जगापुढे मांडली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. मात्र त्याच श्रद्धेपोटी, जो बोलत नाही त्याला सांगण्यासारखे काही नाही, असा समज झाल्यास तो अन्याय ठरेल. धाराशिवच्या शेतकऱ्याचा मिटलेला चेहरा वाचावयाचा असेल, तर त्या चेहऱ्याआधी आपण त्याच्यासमोर कोण म्हणून उभे आहोत, हे पाहणाऱ्याने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.